साक्षीदार वाढले

देवमन पुंजाजी तेलगोटे यांना ‘वाढणे’ या क्रियापदाचा एक विशिष्ट अर्थ १९६२ च्या मे-जूनमध्ये ठाऊक होता काय? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही.

पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. देवमन यांचा जन्म हिवरखेडचा. त्या गावात बाईच्या हातची बांगडी कधीच फुटत नाही, ती वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवले जाते. अशुभ शब्द तोंडाबाहेर पडू नये म्हणून तिथल्या भाषेने नाशाच्या जागी वृद्धीची योजना फार पूर्वीच करून ठेवलेली आहे, आणि देवमन यांनी आपल्या आईच्या तोंडून ती हजार वेळा ऐकली असणार. उलट बाजूने असे म्हणता येते की, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुराहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांच्या घरातून देव्हाऱ्याबरोबर काही शब्दही बाहेर गेले. त्यांच्या पत्नी सुंदराबाई यांनी तेव्हापासून बांगडीला स्पष्टपणे फुटू दिले. सहा वर्षांत माणूस शब्द विसरतो काय, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. विसरल्याचे सोंग आणतो काय, हा प्रश्न देवमन यांच्या स्वभावाचा आहे. आणि त्या स्वभावाविषयी जे निश्चितपणे सांगता येते तेवढेच इथे सांगितले आहे.

देवमन उंचीने बेताचे, अंगाने वाळके आणि कानाने अत्यंत तिखट होते. भिंतीवर बोटाचे पेर वाजवून ती आत भरीव आहे की पोकळ, हे ते सांगत. ही सवय त्यांना लग्नाच्या पंगतीतही सोडवत नसे. एका लग्नात त्यांनी वरपक्षाच्या ओसरीची भिंत वाजवून पाहिली आणि वाढप्याला म्हटले, “भाजी इकडंच वाढ बावा, पन गर्दी तिकडं सरकव. हे भीत पोकय हाये.” दोन महिन्यांनी ती भिंत पडली, तेव्हा लोकांनी त्यांच्या कानाचे कौतुक करण्याऐवजी त्यांच्या तोंडाला दोष दिला. वडील पुंजाजी विहिरी बांधत. दगड, चुना आणि पाणी यांचे आपसांतले वैर देवमन त्यांच्याकडूनच शिकले. असे असूनही सरकारी कामांच्या हजेरीपटावर गेली अकरा वर्षे त्यांचे नाव ‘मजूर’ या रकान्यात होते. ‘मिस्त्री’ या रकान्यात जाण्यासाठी एखाद्या प्रतिष्ठित घरमालकाचा दाखला लागे: या इसमाने माझे काम स्वतःच्या अकलेने पुरे केले आणि ते टिकले. देवमन यांच्या अकलेने पुरी झालेली कामे अनेक होती. परंतु ती सर्व कोणत्या ना कोणत्या ठेकेदाराच्या नावावर टिकून होती. त्यांना हवा होता तो एक कागद, आणि त्या कागदावर एक शब्द.

हा कागद त्यांना देऊ शकणारा गृहस्थ अकोल्यात स्टेशनाकडच्या नव्या प्लॉटांत राहत होता. वामनराव वकील हेही मूळचे हिवरखेडचेच. त्यांचे भाऊ गावी भाजीपाला व फुले पिकवत आणि मोसमात एस.टी.च्या टपावरून फुलकोबीची पोती धाडत. घराण्यातला पहिला वकील या नात्याने वामनरावांनी १९५३ साली घर बांधले, तेव्हा त्याला तळघर काढले. वऱ्हाडातल्या मे महिन्यात जमिनीखाली आठ फूट उतरल्यावर जो गारवा मिळतो, त्याची सर चिखलदऱ्यालाही नाही, असे त्यांचे मत होते. दुपारी ते तिथे झोपत, वजनदार पक्षकारांना तिथेच भेटत आणि त्या जागेला ‘चेंबर’ म्हणत. त्यांच्या पत्नी पार्बताबाई तिला ‘लोणच्याची खोली’ म्हणत. दोन-तृतीयांश भागात दाव्यांचे बस्ते आणि एक-तृतीयांश भागात बरण्या, अशी वाटणी होती. सीमेवरून अधूनमधून कुरबुर चाले.

१९५४ च्या जुलैत या दोन्ही पक्षांवर पाण्याने आक्रमण केले. उत्तरेकडच्या भिंतीत, पायापासून कमरेच्या उंचीपर्यंत, एक तिरपी भेग पडली होती आणि तीतून पाणी पाझरत होते. पहिल्या वर्षी फरशी ओली झाली. तिसऱ्या वर्षी एका जुन्या वाटणीच्या दाव्याची फाइल पोहत पोहत कैरीच्या बरणीला जाऊन टेकली. वामनरावांनी ओळखीपाळखीने सिमेंटचे परमिट मिळवले. तो काळ असा होता की, परमिट दाखवून आणलेले सिमेंट माणूस पाहुण्यांना दाखवत असे. ठेकेदाराने भेग भरली. पुढच्या जुलैत भरलेल्या भेगेच्या शेजारी, बोटभर अंतरावर, नवी भेग उघडली. हा प्रयोग तीन वेळा झाला. प्रत्येक वेळी वामनरावांनी सिमेंट कमी पडले असा निष्कर्ष काढला आणि आणखी परमिट मिळवले.

१९६२ च्या एप्रिलमध्ये पार्बताबाईंनी देवमन यांना बोलावणे धाडले. वकिलांना न विचारता धाडले, कारण विचारले असते तर त्यांनी मुदत मागितली असती.

देवमन तळघरात उतरले. भिंत वाजवली, भेगेत काडी घालून पाहिली, सिमेंटच्या तीन पट्ट्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, हे भेग जिती हाये.”

“जिवंत?” वामनराव म्हणाले. “भेग म्हणजे काय प्राणी आहे?”

“प्रानी नाई. पन श्वास घेते. उन्हायात तोंड उघडते, पावसायात मिटते. तुमी तिच्या तोंडात सिमेंट कोंबून राहिले. मंग ते बाजूनं तोंड काढते.”

विधान शास्त्रशुद्ध होते. वऱ्हाडची काळी माती उन्हात आकसते आणि पाण्याने फुगते. तिच्यात रुतलेला पाया दरसाल थोडा ओढला जातो आणि थोडा ढकलला जातो. जी भेग एकदाच पडून स्थिरावली ती मेलेली, तिला सिमेंट चालते. जी मोसमाबरोबर हलते तिच्यात कडक माल भरला की तो तरी सुटतो, नाहीतर शेजारचा दगड तरी सोडवतो. पण वामनरावांना शास्त्रापेक्षा पुरावा प्रिय होता. “हे तुमचं मत झालं,” ते म्हणाले.

एवढ्यात चहा आला. देवमन यांच्या वाट्याला कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप आला होता. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला.

“हे पाहा, हे मेलेली चीर. दहा वर्सं चहा पेला तरी एक केसबी सरकनार नाई.”

“हे कशावरून?”

“ओयख हाये साहेब. हा कप मले घरोघरी भेटते.”

पार्बताबाई जिन्यात उभ्या होत्या. दुसऱ्या खेपेला देवमन यांना कानाचा कप आला. त्याला चीर नव्हती, म्हणून त्यांनी त्यावर भाष्य केले नाही.

भेग जिवंत आहे हे सिद्ध कसे करणार, असे वामनरावांनी विचारले तेव्हा देवमन म्हणाले, “साक्षीदार बसवा लागते.” हा शब्द ऐकताच वकील खुर्चीत सावरून बसले. गवंड्यांची ही जुनी रीत आहे. भेगेच्या आरपार काच आडवी ठेवून तिची दोन टोके दोन बाजूंना चुन्याने पक्की करतात. भेग हलली तर काच तुटते, न हलली तर तशीच राहते. तिला उलटतपासणीत फिरवता येत नाही. वामनरावांनी खिडकीची काच द्यायचे नाकारले. तेव्हा पार्बताबाईंनी कासाराकडून घेतलेल्या, हाताला घट्ट झालेल्या पाच कोऱ्या हिरव्या बांगड्या आणून दिल्या. “काई होनार तं नाई ना बांगड्यायले?” त्यांनी विचारले. “भेग मेलेली आहे. काय होणार?” वामनरावांनी निर्वाळा दिला. अशा रीतीने पाच बांगड्या भिंतीला चिकटल्या.

करार लेखी झाला. वकिलाच्या घरी दुसरे काही होणे शक्य नव्हते. एका जुन्या बस्त्यातील कोऱ्या पानावर वामनरावांनी लिहिले: ‘सदर पाच साक्षीदारांपैकी दोन वा अधिक फुटल्यास भेग जिवंत समजण्यात येईल, दुरुस्ती देवमन यांच्या पद्धतीने होईल, व श्रावण अखेर तळघर कोरडे राहिल्यास त्यांस मिस्त्री असल्याचा दाखला देण्यात येईल. न फुटल्यास भेग सिमेंटने भरण्यात येईल व देवमन सदर कामी मजूर म्हणून राबतील.’ देवमन चौथी पास होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, ‘मिस्त्री’ या शब्दावर बोट ठेवून तो नीट लिहिला आहे ना हे पाहिले आणि सही केली.

त्यांना अचलपूरला एका शाळेच्या ओट्याचे काम होते. जाताना त्यांनी बजावले: “फुटले का लगेच कार्ड टाका. पावसाच्या आधी चार-आठ दिवस मले इथं पायजे. भेग आ वासून हाये तवाच तिच्यात डांबरातला ताग ठोका लागते. मंग पावसात माती फुगली का ते आपल्याच दातानं ताग आवयून धरते. एकदा पानी पडलं का काम गेलं.”

“आणि तुमचा दाखलाही,” वामनराव म्हणाले.

“मालूम हाये,” देवमन म्हणाले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चढला. एके सकाळी पार्बताबाई मीठ आणायला खाली गेल्या आणि तशाच वर आल्या.

“अहो, दोन वाढल्या.”

“काय वाढल्या?”

“भितीवरच्या बांगड्या. दोन वाढल्या म्हन्ते ना.”

वामनराव खाली जाऊन पाहून आले. दोन हिरव्या बांगड्या मधोमध तुटून त्यांच्या टोकांत तांदळाएवढी फट पडली होती. त्यांनी कार्ड लिहायला घेतले. पार्बताबाई खांद्यामागे उभ्या राहिल्या.

“फुटल्या असं लिवू नका बरं. माह्या बांगड्या हायेत त्या. वटसावित्री महिन्यावर आली.”

वामनराव पुरोगामी गृहस्थ होते. सार्वजनिक सभेत त्यांनी अशा समजुतींवर टीका केली असती. परंतु या प्रसंगी त्यांना पत्नीचा मुद्दा फारच ग्राह्य वाटला. करारात ‘फुटल्यास’ हा शब्द होता. स्वतःच्या सहीने ‘फुटले’ असे लिहून देणे म्हणजे दाव्याची कबुली. घरातली रूढी आणि कोर्टातली सावधगिरी यांचा इतका सुरेख मेळ क्वचितच बसतो. त्यांनी लिहिले: ‘रा. देवमन यांस. पाचपैकी दोन साक्षीदार वाढले. कळावे. वामनराव.’

पाचव्या दिवशी उत्तर आले, ते असे: ‘वकीलसाहेबांस जयभीम. कार्ड पावले. साक्षीदार वाढवायला नको होते. पाच पुरे होते. आता सात झाले ते झाले, पण नवे दोन कोणी बसवले ते कळवावे. चुना कोणता वापरला तेही लिहावे. देवमन.’

वामनरावांनी ते दोनदा वाचले. “हा मूर्ख आहे, की मला मूर्ख समजतो?”

“दुसरं वाटते,” पार्बताबाई म्हणाल्या.

दुसरे कार्ड गेले: ‘नवे कोणीही बसविलेले नाहीत. जुन्या पाचांतलेच दोन वाढले आहेत. अर्थ आपणांस ठाऊक असावा.’

त्याचेही उत्तर आले: ‘जुन्या पाचांतलेच दोन वाढले हे वाचून नवल वाटले. किती वाढले? बोटभर की वीतभर? काच वाढल्याचे माझ्या वडिलांनीही पाहिले नव्हते. कागदात फुटल्यास काय करावे ते लिहिले आहे. वाढल्यास काय करावे ते लिहिलेले नाही. म्हणून मी इथेच आहे.’

उघड्या कार्डाचे वाचक पोस्टमनपासून सुरू होतात. हे कार्ड वामनरावांच्या हाती पडेपर्यंत त्यांच्या मुनशीने ते वाचले होते, आणि दुपारपर्यंत वकिलांच्या खोलीत कोणीतरी त्यांना विचारले, “काय वामनराव, साक्षीदार वाढताहेत म्हणे तुमचे? आमचे तर फुटतात हो!” वामनराव घरी आले ते संतापून. “बसू दे त्याला अचलपूरला. सिमेंटची दोन पोती पडली आहेत. ‘फुटले’ असं माझ्या हातचं कुठेच नाही. म्हणजे करारानुसार फुटलेले नाहीत. मी पावसाआधी भेग भरून घेतो.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरी बांगडी गेली. पश्चिमेकडे ढग दिसू लागले. तळघरात त्या साली पार्बताबाईंच्या अकरा बरण्या होत्या आणि त्यांतल्या चार नुकत्याच भरलेल्या होत्या. त्या दुपारी त्या पदर डोक्यावर घेऊन निघाल्या आणि विचारत विचारत अकोल्यातल्याच देवमन यांच्या वस्तीत पोचल्या. सुंदराबाई दारात ज्वारी निवडत होत्या.

“बाई, तुमी? या. बसा.”

“बसत नाई. देवमनभाऊले निरोप धाडा. म्हना लवकर या.”

“काहून? काय झालं?”

“त्या बांगड्या… तीन वाढल्या.”

सुंदराबाईंनी सूप खाली ठेवले. “फुटल्या का?”

“तेच ते.”

“तेच ते कसं? माहा मानूस तिकडून इचारून राहिला का काच वाढते कशी. तुमी फुटल्या म्हना ना सिद्धं.”

“अवो, कशी म्हनू? वटसावित्री चार दिवसांवर. मानसाच्या जिवाचं असते ते.”

“बाई,” सुंदराबाई म्हणाल्या, “म्या ‘वाढली’ म्हननं सोडलं त्याले सहा वर्सं झाले. मातीकामाले जातो आमी. माही बांगडी आठ दिवसाले फुटते. म्या फुटली म्हन्ते. अन् आमचा मानूस सहा वर्सांपासून चार भाकरी खाते अन् वरून वरन मांगते. फुटली म्हनल्यानं मेला असता तं म्या रोज म्हनली नसती का?”

पार्बताबाईंना हसू आवरले नाही. मग त्या बसल्या. चहा घेतला, कप कानाचा होता. उठताना त्यांनी सुंदराबाईंकडून पेन्सिलीचा तुकडा आणि कागदाचा कपटा मागून घेतला, त्यावर काहीतरी लिहिले आणि वाटेत मोटार स्टँडवर जाऊन अचलपूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिले. चिठ्ठीत चारच शब्द होते: ‘तीन फुटल्या. या. पार्बताबाई.’

चिठ्ठी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पोचली. तिथे काम करणारा एक जण पुढे सांगत असे की, देवमन यांचे गाठोडे तीन दिवस आधीपासून बांधलेले होते. यावरून त्यांना सर्व काही कळले होते असे म्हणता येईल. पण दुसरा एक जण सांगे की, मृग लागला की ते दरवर्षीच गाठोडे बांधून ठेवत, कारण पावसात कुठले काम केव्हा बंद पडेल याचा नेम नसे. निश्चित एवढेच की, ते रात्रभर जागले, ढगांकडे पाहत बसले आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. दाखला हातचा जातो की काय, ही भीती त्यांनी स्वतः कधी नाकारली नाही.

अकोल्यात उतरून ते थेट तळघरात गेले. वामनराव तिथे सिमेंटच्या पोत्याशेजारी, कराराचा कागद हातात धरून, ठेकेदाराची वाट पाहत होते.

“देवमन, तुम्हाला कोणी बोलावलं?”

“चिठ्ठी आली साहेब. तीन फुटल्या म्हनून.”

“चिठ्ठी माझी नाही. कराराला पक्ष मी आहे. माझ्या सहीचा ‘फुटल्या’ असा मजकूर दाखवा.”

“तुमी डोयानं पाहून राहिले ना? ह्या काय हायेत?”

“मी जे पाहतो ते वाढलेले आहे,” वामनराव गंभीरपणे म्हणाले. “आमच्या घरच्या रीतीप्रमाणे. तुमच्या रीतीशी मला कर्तव्य नाही.”

देवमन यांनी पायरीवर बसून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “मंग आमचा इलाज नाई. वाढल्या असतील तं कागदात काई नाई. न फुटल्या असतील तं मी तुमचा मजूर. सांगा, सिमेंट कुठं कोंबू? पन येक इचारतो. तुमच्या पक्षकारानं कोर्टात असं सांगतलं असतं, तं तुमी त्याले काय म्हनले असते?”

वामनराव उत्तर जुळवत होते तोच जिन्यावरून पार्बताबाईंचा आवाज आला.

“घर कोनाच्या नावावर हाये?”

वामनरावांनी ते घर, पुढेमागे काही जप्ती वगैरे आलीच तर हाताशी तोड असावी म्हणून, पत्नीच्या नावावर केले होते. ही गोष्ट तीन माणसांनाच ठाऊक होती, आणि त्यांतला तिसरा दस्त लिहिणारा होता.

“त्याचा इथे संबंध नाही,” ते म्हणाले.

“कसा नाई? भीत माही, बांगड्या माह्या, लोनचं माहं. तुमी मधी कोन? तीन फुटल्या. फुटल्या म्हन्ते मी! बांगड्या फुटल्या, तुमचं सिमेंट फुटलं, अन् आनखी दोन दिवस असे भांडत बसले तं तयघरबी फुटते. करा जी देवमनभाऊ, तुमचं काम करा.”

वामनरावांनी कागदाची घडी घातली. मग त्यांचा उजवा हात नकळत डाव्या मनगटाकडे गेला आणि ते आपली नाडी मोजू लागले. देवमन यांनी हे पाहिले. टोपी पुन्हा घातली आणि तेवढ्यापुरते तोंड भिंतीकडे फिरवले.

काम अडीच दिवस चालले. सिमेंटच्या तिन्ही पट्ट्या फोडून काढल्या. भेगेचे तोंड छिन्नीने आतून रुंद, बाहेरून अरुंद असे कोरले. डांबरात मुरवलेला ताग थरावर थर देऊन तीत ठोकला. वरून विटांची भुकटी मिसळलेला चुना दिला. बाहेरच्या अंगाने भिंतीलगतची काळी माती हातभर खोल काढून तिथे मुरूम भरला आणि घराकडे येणारा उतार उलटा फिरवला. न्हाणीचे पाणी त्याच कोपऱ्यात मुरत होते, हेही तेव्हा उघड झाले. आठ वर्षांत ते कोणी पाहिले नव्हते, कारण सर्वांचे लक्ष परमिटाकडे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी देवमन हात धूत असताना पाऊस आला.

वटसावित्रीच्या दिवशी पार्बताबाईंनी नेहमीप्रमाणे वडाला सूत गुंडाळले आणि नेहमीपेक्षा सात फेरे जास्त घातले. वामनराव त्या दिवशी कोर्टात गेले नाहीत. त्यांना काहीही झाले नाही. त्यांनी दुपारी पुरणाची पोळी खाल्ली आणि नाडीचे ठोके कोणालाही न सांगता दोनदा मोजले.

नंतरचे अडीच महिने तळघरात एक वेगळाच विधी चालला. वामनराव रोज सकाळी टीपकागदाचा तुकडा घेऊन खाली जात आणि तो भिंतीवर ठिकठिकाणी दाबून पाहत. ओलीचा एक ठिपका त्यांना पुरला असता. जुलैत मोर्णा नदी दोन वेळा फुगली, स्टेशनाकडचे रस्ते गुडघाभर पाण्यात गेले. टीपकागद कोराच राहिला. ऑगस्टमध्ये एके सकाळी त्यांना भुरकट डाग सापडला आणि ते तसेच ओरडत वर आले. पार्बताबाईंनी कागद नाकाशी नेला. “कैरीचा खार हाये हा. बरनीले काहून हात लावला तुमी?”

श्रावण संपला. देवमन दाखल्यासाठी आले. सोबत सुंदराबाई होत्या. त्या ओसरीवर पार्बताबाईंशेजारी बसल्या आणि दोघी कान देऊन आतले ऐकू लागल्या. वामनरावांनी मसुदा तयार ठेवला होता. त्यांनी तो वाचून दाखवला: ‘…यांनी माझ्या देखरेखीखाली तळघराचे काम केले असून, त्यांस मिस्त्री म्हणण्यास माझी हरकत नाही.’

“साहेब,” देवमन म्हणाले, “हरकत कोनाची होती?”

“म्हणजे?”

“तुमी लिवता, हरकत नाई. वाचनारा म्हनीन, म्हंजे कोनाची तरी असन. दुसरं, देखरेख. तुमी वर बसून नाडी पाहून राहिले होते.”

ओसरीवर दोघी हसल्या. वामनरावांचे कान लाल झाले.

“मग काय लिहू?”

“जे हाये ते. देवमन तेलगोटे मिस्त्री आहेत. येवढंच.”

“‘आहेत’ हे फार निश्चित होतं, देवमन. उद्या भिंत गळली तर?”

“उद्या गयली तं उद्या या. आज कोरडी हाये का नाई?”

एका क्रियापदाने वामनरावांना उन्हाळाभर छळले होते. आता ‘आहेत’ या दुसऱ्या क्रियापदाच्या हवाली होणे त्यांच्या जिवावर आले होते. मग त्यांनी मसुदा फाडला आणि नव्या कागदावर लिहिले: ‘श्री. देवमन पुंजाजी तेलगोटे, राहणार अकोला, हे मिस्त्री आहेत. त्यांनी माझ्या पत्नीच्या मालकीच्या घरातील तळघराची गळती स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या पद्धतीने बंद केली. ती बंद आहे.’ खाली सही, तारीख आणि सनदेचा क्रमांक घातला. देवमन यांनी कागद घेतला, पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवले, ओसरीवर जाऊन तो सुंदराबाईंना वाचून दाखवला आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, वाचला.

१ एप्रिल १९६३ पासून देवमन तेलगोटे यांची हजेरी सरकारी बांधकामांच्या पटावर ‘मिस्त्री’ या रकान्यात लागू लागली. ३१ मे १९८१ रोजी ते त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले.